पूर्णतः समाधानी उमेदवार

मनुष्याला नेमके काय हवे आहे हे शासनाला कधीही कळू नये, ही सुखी संसाराची पहिली अट आहे. हे ज्याला उमगले तो टिकला. ज्याला उमगले नाही त्याच्या बदलीचा आदेश आजही वाटेत आहे.

नाशिकच्या एका सरकारी कार्यालयातले वरिष्ठ लिपिक धोंडीराम निरभवणे, म्हणजे सगळ्यांचे निरभवणे भाऊसाहेब, यांना हे सत्य नोकरीच्या सातव्या वर्षी उमगले. त्याआधी त्यांनी बदलीच्या अर्जात भाबडेपणाने 'नाशिक, चांदवड, पेठ' असा पसंतीचा क्रम लिहिला होता. शासनाने तो काळजीपूर्वक वाचला आणि त्यांना सुरगाण्याला पाठवले. पुढच्या वेळी त्यांनी क्रम उलटा केला. वर पेठ, मग चांदवड, आणि सगळ्यात खाली, रकाना रिकामा दिसू नये म्हणून टाकल्यासारखे, नाशिक. महिन्याभरात नाशिकचा आदेश हातात पडला आणि एका शास्त्राचा जन्म झाला. (शास्त्राला एक प्रयोग पुरतो. दुसरा केला की शंका यायला लागतात.)

पुढच्या काळात भाऊसाहेबांनी एकेचाळीस सहकाऱ्यांचे बदलीचे अर्ज भरून दिले. त्यांपैकी सतरा जणांना हवे ते ठिकाण मिळाले. उरलेल्या चोवीस जणांचा दोष शास्त्राकडे जात नाही. नऊ जणांनी हवे ते ठिकाण साहेबांसमोर बोलून दाखवले होते, सहा जणांनी अक्षर फार सुवाच्य काढले होते, आणि बाकीच्या नऊ जणांच्या चेहऱ्यावर इच्छा दिसत होती.

तर अशा या अनुभवसंपन्न घरातली मुलगी अंजली २००३ साली बारावी झाली आणि प्रवेश परीक्षेत तिला दोनशेपैकी एकशे बासष्ट गुण पडले. इंदिरानगरातल्या त्यांच्या गल्लीत पेढे वाटले गेले. इंजिनिअरिंगला जायचे हे ठरलेलेच होते. गुण चांगले असलेल्या मुलांनी दुसरे काही करण्याची सोय त्या काळी नव्हती.

त्या वर्षापासून प्रवेशाचे काम माणसांकडून काढून मुंबईच्या एका संगणकाकडे देण्यात आले होते. समितीने यासाठी एकशे चौदा पानांची माहितीपुस्तिका काढली. तीत अकरा पाने नियमांची, त्रेसष्ट अपवादांची आणि उरलेली शुद्धिपत्रांची होती. पुस्तिकेच्या मधोमध पसंतीक्रमाचा सुटा फॉर्म होता. वीस रकाने, प्रत्येकात एक कॉलेज आणि एक शाखा, पेन्सिलीने गोल काळा करायचा.

भाऊसाहेबांना अंजलीसाठी नाशिकचे कॉलेज आणि कॉम्प्युटरची शाखा हवी होती. कॉम्प्युटर हवे होते, कारण सगळ्यांना तेच हवे होते. नाशिक हवे होते त्याचे कारण निराळे होते. पोरगी हॉस्टेलला गेली तर आपल्या घशाखाली घास उतरणार नाही, हे त्यांना पक्के माहीत होते. हे त्यांनी कोणाला सांगितले नव्हते. सांगितले असते तर ते शासनापर्यंत गेले असते.

त्यांनी दोन रविवार खर्चून महाराष्ट्रातल्या कॉलेजांची नावडीप्रमाणे यादी केली. सर्वांत नावडते सापडायला वेळ लागला, कारण स्पर्धा तीव्र होती. शेवटी राज्याच्या पार पूर्वेच्या टोकाला, आठशे नव्वद किलोमीटरवर, कोरंबीटोला नावाच्या गावी एक नवे कॉलेज निघाले. 'इमारत : प्रस्तावित. वसतिगृह : विचाराधीन. पाणी : पावसाळ्यात मुबलक.' भाऊसाहेबांनी समाधानाने ते पहिल्या क्रमांकावर टाकले. विसाव्या क्रमांकावर, ओझरते, नाशिकचे कॉम्प्युटर.

सुलाबाई, म्हणजे भाऊसाहेबांची बायको, भाजी निवडता निवडता हे बघत होत्या. त्या सायखेड्याच्या. सरळ बोलायची त्यांची जुनी खोड होती.

"आहो, पोरीला नाशकातच ठेवायचं हाय ना? मग नाशिक तळाला कशाला घालताय?"

"तुला शासन कळत नाही," भाऊसाहेब म्हणाले.

"पप्पा, मी काय म्हणते," अंजली म्हणाली.

"तू पेन्सिलीला टोक काढून आण."

तिने टोक काढून आणले. बारीक, व्यवस्थित टोक काढायची ती.

महिन्याभराने पहिल्या फेरीची यादी लागली. भाऊसाहेबांनी ऑफिसातल्या गोरक्षला बरोबर घेऊन सायबर कॅफे गाठला. गोरक्ष कनिष्ठ लिपिक होता आणि त्याला माऊस धरता येत असे. पडद्यावर अक्षरे उमटली : 'अंजली धोंडीराम निरभवणे. कोरंबीटोला. प्राधान्य क्रमांक १ मंजूर. अभिनंदन.'

भाऊसाहेबांनी गोरक्षला ते पुन्हा वाचायला लावले. चोवीस वर्षांच्या नोकरीत शासनाने त्यांना मागितलेली गोष्ट पहिल्यांदाच दिली होती. त्यांचा शासनावरचा विश्वास उडाला.

"भाऊसाहेब, त्या मशीनला काय बदल्यांचा अनुभव नाय ना," गोरक्ष हळहळला. "नवीन हे बिचारं."

घरी सुलाबाईंनी कोरंबीटोला कुठे आले ते विचारले आणि ऐकून पदर डोळ्याला लावला. भाऊसाहेबांचे जेवण त्याच दिवसापासून निम्म्यावर आले.

दुसऱ्या दिवशी रजा टाकून ते मदत केंद्रावर गेले. तिथे एक प्राध्यापक बाई बसल्या होत्या. त्यांनी कागद पाहिला आणि त्या मनापासून हसल्या.

"पहिलं प्राधान्य मिळालंय तुम्हाला! फार थोड्यांना मिळतं हो."

"बाई, आम्हाला ते नको होतं."

"मग पहिलं का लिहिलंत?"

"नको होतं म्हणूनच."

बाईंनी चष्मा काढून पुसला, पुन्हा घातला आणि नियम क्रमांक ४७ वाचून दाखवला. ज्या उमेदवारास पहिले प्राधान्य मिळाले, तो 'पूर्णतः समाधानी उमेदवार' समजला जाईल आणि त्यास पुढील फेरीत भाग घेता येणार नाही.

येथे फेऱ्यांची रचना समजून घेणे इष्ट. जागा म्हणजे एस.टी.च्या खिडकीतून सीटवर टाकलेला रुमाल. पहिल्या फेरीत प्रत्येकजण मिळेल त्या सीटवर रुमाल टाकतो, पण तिथे बसत नाही, कारण त्याचा डोळा पुढच्या सीटवर असतो. पुढच्या सीटवर ज्याचा रुमाल आहे त्याचा डोळा दुसऱ्याच गाडीवर असतो. दुसऱ्या फेरीत सगळे रुमाल एकदम उचलले जातात आणि गाडीत गोंधळ होतो. त्याला सुधारित वाटप म्हणतात. तिसऱ्या फेरीत एकेकाचे नाव पुकारून उरलेल्या सीटांवर बसवतात. या पद्धतीमुळे कोणावरही अन्याय होत नाही, सगळ्यांवर होतो. (समितीच्या अहवालानुसार पहिल्या फेरीनंतर नव्वद टक्के उमेदवार असमाधानी होते. उरलेले दहा टक्के समाधानी होते, म्हणून त्यांना बाहेर काढण्यात आले.)

आता प्रश्न एवढाच होता, की अंजली समाधानी नाही हे सिद्ध कसे करायचे. त्याचीही तरतूद होती. परिशिष्ट 'झ' प्रमाणे असमाधानाचा दाखला जोडल्यास विचार होऊ शकत होता. दाखल्यासाठी स्टॅम्प पेपरवर प्रतिज्ञापत्र, उमेदवारास असमाधानी अवस्थेत पाहिलेल्या दोन प्रतिष्ठित व्यक्तींच्या सह्या आणि तलाठ्याचा स्थळपाहणी अहवाल लागत असे. भाऊसाहेबांना बरे वाटले. कागद आले म्हणजे आपल्या गावात आल्यासारखे त्यांना वाटत असे.

सह्या मिळाल्या. प्रतिज्ञापत्र झाले. एका गुरुवारी तलाठी घरी आले, त्यांनी चहा घेतला आणि वही उघडली.

"उमेदवार कधीपासून असमाधानी आहे?"

भाऊसाहेब उठले आणि कपाटातून फाईल काढून पानावर पान उलटत तारीख शोधू लागले. ते पाहून दाराशी उभ्या असलेल्या अंजलीला हसू आवरेना. तलाठी प्रामाणिक होते. त्यांनी लिहिले : 'समक्ष पाहणी केली असता उमेदवार हसत होती. दाखला देता येत नाही.'

"पप्पा, खरं सांगू का, मला..." अंजली म्हणाली.

"काही सांगू नकोस. आधीच फार झालंय," भाऊसाहेब म्हणाले. आयुष्यात पहिल्यांदाच ते तिच्यावर ओरडले, आणि लगेच त्यांचे त्यांनाच वाईट वाटले. ती आत निघून गेली.

दुसरी फेरी निरभवणे कुटुंबाशिवाय पार पडली. नाशिकच्या कॉम्प्युटरच्या साठ जागांपैकी अडतीस जागांचे मालक बदलले. त्यातली एक जागा अंजलीहून एकोणीस गुण कमी असलेल्या मुलाला मिळाली. त्याच्या वडिलांना कसलेच शास्त्र येत नव्हते. त्यांनी हवे होते ते वर लिहिले होते.

उरली तिसरी फेरी. तिच्यात समाधानी लोकांनाही प्रवेश होता, मात्र हातातली जागा आधी सोडून द्यायची होती. सोडली आणि तिथे काही उरलेले नसले, तर पोरीचे वर्ष वाया. भाऊसाहेबांनी तो कागद तीन दिवस खिशात वागवला. चोवीस वर्षे त्यांनी लोकांचे राजीनामे टंकलिखित केले होते, पण घरातला हा पहिलाच होता.

"सोडा ते कोरंबी का फोरंबी," शेवटी सुलाबाई म्हणाल्या. "वरीसभर घरी बसली तर बसू द्या. डोळ्यापुढं ऱ्हाईल. पण आता ते तुमचं उलटंपालटं लय झालं. बास करा."

भाऊसाहेबांनी सही केली.

तिसरी फेरी एका मोठ्या हॉलमध्ये भरली. समोर फळ्यावर शिल्लक जागा खडूने लिहिल्या होत्या आणि एकेक नाव पुकारले की शिपाई एकेक आकडा पुसत होता. 'नाशिक, कॉम्प्युटर' पुढे १ होता. भाऊसाहेबांनी तिकडे फक्त एकदा पाहिले आणि मग कटाक्षाने पंख्याकडे पाहत राहिले. आपली नजर कुठे आहे हे टेबलामागच्या माणसांना कळणे धोक्याचे होते.

"विचारलं तर आधी औरंगाबाद म्हण," ते ओठ न हलवता पुटपुटले. "मग जळगाव. मग कंटाळल्यासारखं करून नाशिक म्हण."

पुढची नावे पुकारली गेली. कोणी पुणे घेतले, कोणी धुळे घेतले. एक मुलगा नाशिकपर्यंत आला, अडखळला, आणि त्याच्या मामाच्या सांगण्यावरून सांगलीला गेला. तो १ तसाच होता.

"निरभवणे अंजली."

दोघे टेबलापाशी गेले. अधिकारी दमलेले होते. सकाळपासून त्यांनी दोनशे जणांना विचारलेला प्रश्न त्यांनी मान खाली घालूनच विचारला.

"बोल बाळा, तुला काय हवंय?"

"साहेब, तसं औरंगाबादचं..." भाऊसाहेबांनी सुरुवात केली.

"तुम्ही थांबा. तिला विचारलंय."

"सिव्हिल," अंजली म्हणाली. "नाशिक."

अधिकाऱ्यांनी मान वर केली. "कॉम्प्युटर शिल्लक आहे अजून. दिसतंय ना?"

"दिसतंय सर. मला सिव्हिल हवंय."

अधिकाऱ्यांनी फळ्याकडे पाहिले. 'नाशिक, सिव्हिल' पुढे २३ होते. "अगं, या जागा पहिल्या फेरीपासून तशाच पडून आहेत. सिव्हिलकडे आजकाल कोण फिरकतंय? फॉर्मवर लिहिलं असतंस तर पहिल्याच दिवशी मिळाली असती." त्यांनी शिक्का उमटवला. शिपायाने २३ चे २२ केले. सगळे मिळून एक मिनिट लागले असेल.

हॉलच्या बाहेर आल्यावर भाऊसाहेबांच्या तोंडून शब्द फुटला. "हे तू मला कधी बोलली नाहीस."

"तुम्ही विचारलं कधी?"

"तरी पण सांगायचं होतंस."

"सांगितलं असतं तर तुम्ही ते विसाव्या नंबरला टाकलं असतं."

तिने मग चालता चालता सांगितले, की सायखेड्याला, म्हणजे मामाच्या गावी, पूर आला की तिथला पूल पाण्याखाली जातो आणि चार-चार दिवस पलीकडचे पलीकडे राहतात. लहानपणापासून तिला वाटायचे, हा जरा वर बांधायला काय झाले होते. एवढेच. भाऊसाहेब ऐकत होते. अठरा वर्षांत आपण या पोरीला जेवलीस का, झोपलीस का, अभ्यास झाला का, एवढेच विचारले, याची त्यांना लाज वाटली. आणि ती रोज संध्याकाळी घरी येणार, याचा इतका आनंद झाला, की भर रस्त्यात डोळे भरून आले. तो आनंद चेहऱ्यावर दिसत होता आणि लपवायचे त्यांना सुचले नाही.

समितीने त्या वर्षीची प्रक्रिया यशस्वी झाल्याचे जाहीर केले. कोरंबीटोल्याची जागा रिक्त राहिली. नाशिकच्या कॉम्प्युटरची ती शेवटची जागा पुढच्याच मुलाला त्याच्या वडिलांनी घ्यायला लावली. त्याला काय हवे होते याची नोंद उपलब्ध नाही.

वाचकांना भाऊसाहेबांचे हसू आले असेल. येणे साहजिक आहे. आपण त्यांच्याबरोबर तीन फेऱ्या, एक तलाठी आणि एक परिशिष्ट सोसलेत. फळ्यावरचा तो १ पुसला जाऊ नये म्हणून आपलाही जीव टांगणीला लागला होता. अंजली या सगळ्या वेळात तिथेच होती. दोनदा तिने बोलायला तोंड उघडले, दोन्ही वेळा तिचे वाक्य अर्ध्यावर तुटले, आणि दोन्ही वेळा आपण पुढची ओळ वाचायला घेतलीत. समितीच्या नियमांनुसार आपण 'पालक' म्हणून पूर्णतः पात्र आहात.