सुपडू आण्णा आणि एकच रिमोट

सारंगखेड्याला बदली होऊन आलो त्यानंतरचे पहिले दोन महिने आमच्या घरातला टीव्ही आमचं ऐकत नव्हता. बायको शांतपणे बातम्या बघत बसलेली असायची आणि एकदम आवाज चढायला लागायचा. इतका, की स्वयंपाकघरातल्या ताटल्या किणकिणायच्या. कधी बातम्या गायब होऊन कपाशीवरच्या बोंडअळीचा कार्यक्रम लागायचा. कधी ऐन रंगात आलेला सिनेमा पटकन बंद. रिमोट माझ्या हातात आणि माझं बोट बटणावर नाही, हे मी बायकोला पटवून पटवून थकलो.

दुरुस्तीवाला दोनदा येऊन, टीव्हीची पाठ उघडून, काही न सापडता गेला. तिसऱ्या खेपेला त्याने पेचकस काढायच्या आधी खिडकीतून समोर पाहिलं आणि विचारलं, समोर सुपडू आण्णा राहतात का? मी हो म्हणालो. मग टीव्हीत काही बिघाड नाही, असं सांगून तो चहा पिऊन निघून गेला.

गल्ली आठ-दहा फुटांची. समोरच्या घरात खिडकीला लागून टीव्ही ठेवलेला. त्यासमोर खाटेवर एक सडपातळ म्हातारे गृहस्थ, टोपी घातलेली, उजवा हात तलवारीसारखा पुढे केलेला आणि हातात रिमोट. त्यांचा नेम टीव्हीवर होता, पण रिमोटचा उरलासुरला प्रकाश खिडकीतून गल्ली ओलांडून आमच्या हॉलमध्ये येत होता. दोघांचे टीव्ही एकाच कंपनीचे. त्यामुळे आण्णा म्हणतील ती पूर्व दिशा.

मी तक्रार करायला गेलो. आण्णांनी सगळं ऐकून घेतलं आणि त्यांचा चेहरा असा उजळला, जणू मी पेढे घेऊन आलोय. त्यांनी मला हाताला धरून गल्लीत नेलं, त्यांच्या खिडकीपासून आमच्या टीव्हीपर्यंतचं अंतर पावलांनी मोजलं, दोनदा मोजलं आणि म्हणाले, "रेंज दखी का साहेब? इतला लहान जीव, पन इतला लांब जास."

संध्याकाळी त्यांनी स्वतःच खिडकीला जुनी गोधडी टांगली. त्या दिवसापासून आमचा टीव्ही आमचा झाला आणि आण्णाही आमचे झाले.

आण्णांनी सगळी नोकरी तापीच्या काठावरच्या एका उपसा योजनेवर ऑपरेटर म्हणून केली होती. एका खोलीत एक पॅनल, खाली नदीत चार मोटारी. पॅनलवरचा दांडा खाली ओढला की चारही मोटारी एकामागून एक घुमायला लागायच्या आणि वरच्या शिवारात ऊस-केळीला पाणी जायचं. निवृत्त होऊन घरी आले तर घरात पाच वस्तू आणि पाच रिमोट. टीव्हीचा एक, सेट-टॉप बॉक्सचा एक, जावयाने दिलेल्या होम थिएटरचा एक, लग्नांच्या सीडी बघायच्या प्लेअरचा एक, आणि नव्या पद्धतीच्या छताच्या पंख्याचा एक. पाचही रिमोट त्यांच्या पत्नीने, विमलजिजींनी, प्लास्टिकच्या पिशव्यांत घालून रबर लावून ठेवलेले. कुठला कशाचा हे पिशवीवरून कळायचं नाही. एका दांड्याने शिवाराचं पाणी फिरवणाऱ्या माणसाला हा कारभार पटणं शक्यच नव्हतं.

"कंट्रोल एकच पाहिजे," असं ते म्हणायचे. हे वाक्य त्यांच्या तोंडी कुठेही यायचं. गावच्या पाणीपुरवठ्याची चर्चा असो, लग्नातल्या वाढप्यांची असो, कंट्रोल एकच पाहिजे.

सगळ्यांवर चालणारा तो एक रिमोट त्यांना मिळाला तो घोड्यांच्या यात्रेत. सारंगखेड्याच्या यात्रेला लोक कुठून कुठून घोडे बघायला येतात. आण्णांचे साडूही शहाद्याहून घोडी घ्यायला म्हणून आले होते आणि चार समजुतीचे शब्द बोलायला आण्णांना सोबत घेऊन गेले होते. वाटेत एका पालावर घड्याळं, बॅटऱ्या, चार्जर मांडलेले होते आणि त्यांत हा रिमोट. आण्णा तिथे थांबले ते थांबलेच. साडूंनी घोडी पाहिली, दात पाहिले, चाल पाहिली, सौदा ठरवला, घोडीला हार घातला आणि ते परत आले तरी आण्णा दुकानदाराला विचारतच होते, की हा एका वेळी किती जणांना हुकूम देतो. सगळे घोड्यांभोवती गोळा झालेले आणि हा माणूस रिमोटचे दात मोजतोय, असं साडू अजून सांगतात.

रिमोटबरोबर बारीक अक्षरांची एक पुस्तिका आली होती. प्रत्येक कंपनीचे तीन-तीन आकडी नंबर. बरोबर नंबर लागला की रिमोट त्या वस्तूची भाषा शिकणार. आण्णांनी एक वही केली. रोज दुपारी जेवण झालं की चष्मा लावून ते एकेक नंबर दाबायचे आणि काय झालं ते लिहायचे. ती वही मी वाचली आहे. 'डबा मान हलवस पन उठत नही', अशी एक नोंद होती. डबा म्हणजे सेट-टॉप बॉक्स. होम थिएटरला ते बाजावाला म्हणायचे. पुढच्या पानावर होतं, 'बाजावाला उना, संगे पंखा बी उना', म्हणजे दोघं एकदमच आले. ही भानगड कधीच सुटली नाही. आवाज एक घर वाढवला की पंख्याचा वेगही एक घर वाढायचा. त्यामुळे आण्णांच्या घरी मारामारीचा सिनेमा बघायचा तर अंगावर शाल घ्यावी लागायची.

शेवटी पाचही वस्तू त्या एका रिमोटला ओळखायला लागल्या. मग तो रिमोट आण्णांच्या सदऱ्याच्या वरच्या खिशात कायमचा राहायला गेला. बाजारात, दवाखान्यात, बारशाला, तेराव्याला, सगळीकडे. घरापासून दोन कोसांवर त्याचा उपयोग काय, असं मी एकदा विचारलं. त्यांनी खिशावर हात ठेवला आणि म्हणाले, आपण घरी नसताना तो दुसऱ्या कुणाच्या हाती लागला तर?

पण एक अडचण उरली होती. लाल बटण दाबलं की पाचही वस्तूंना एकच हुकूम जायचा, आणि तो हुकूम 'चालू हो' असा नव्हता. तो 'आत्ता आहेस त्याच्या उलट हो' असा होता. टीव्ही बंद असला तर चालू व्हायचा, पण डबा आधीच चालू असला तर तो झोपायचा. मग डब्याला उठवायला बटण दाबावं तर टीव्ही झोपायचा. पाच जण एकाच वेळी जागे सापडणं हा योग दुर्मिळ होता. आण्णा अशा वेळी घराचा मेन स्विच पाडायचे आणि सगळ्यांना पहिल्यापासून उठवायचे. फ्रीजसुद्धा त्यात सापडायचा.

क्रिकेटच्या एका मोठ्या सामन्याच्या दिवशी आण्णांनी गल्लीला आमंत्रण दिलं. मोठा टीव्ही, बाजावाला, भजी, सगळा थाट. आम्ही पंधरा-वीस जण खाली सतरंजीवर बसलो होतो. सामना शेवटच्या षटकापर्यंत गेला. कुणीतरी म्हणालं, आण्णा, थोडा आवाज. आण्णांनी खिशातून रिमोट काढला, हात लांब केला, आणि उत्साहाच्या भरात अंगठा लाल बटणावर पडला. पडदा काळा झाला, पण डब्याला हुकूम पोचलाच नाही आणि तो जागाच राहिला. आण्णांनी घाईने परत दाबलं. टीव्ही आला, डबा गेला. परत दाबलं. पंखा सुसाट सुटला आणि कागदावरची भजी उडाली. आण्णांनी मेन स्विच पाडला.

अंधार झाला आणि मागच्या गल्लीतून एकदम मोठा आरडाओरडा आला. काहीतरी झालं होतं, चांगलं की वाईट ते कळेना. अर्धे लोक चप्पल न घालता मागच्या गल्लीत पळाले.

विमलजिजी स्वयंपाकघरातून आल्या. त्यांनी मेन स्विच वर केला, टीव्हीजवळ गेल्या, टीव्हीचं बटण बोटाने दाबलं, डब्याचं बोटाने दाबलं, पंखा भिंतीवरून बंद केला. मग कढई खाली ठेवायला परत जाता जाता म्हणाल्या, "देवनी हात देयेल शेतस ना."

आण्णा त्यांच्याकडे न बघता आम्हाला म्हणाले की जुन्या वळणाची माणसं आहेत, त्यांना यंत्राचं समजत नाही. पण भारत जिंकला होता, त्यामुळे कुणी मनावर घेतलं नाही. जिजींनी नवीन भजी तळली.

यंदा उन्हाळ्यात जिजी सुरतेला गेल्या. त्यांची मुलगी ज्योती बाळंत झाली होती आणि डॉक्टरांनी प्रवास करायला मनाई केली होती, म्हणून माहेर तिच्याकडे गेलं. दोन महिन्यांचा मुक्काम. जाताना जिजी माझ्या बायकोला सांगून गेल्या, की ह्यांना चहाशिवाय काही करता येत नाही. तेव्हापासून संध्याकाळची भाजी-भाकरी आमच्याकडून जायला लागली. रोज बायको डबा द्यायची. एके दिवशी तिला बरं नव्हतं म्हणून मी गेलो.

साडेसात वाजून गेले असतील. दार नुसतं लोटलेलं होतं. आत टीव्ही चालू होता आणि त्यावर एक कौटुंबिक मालिका. मला नवल वाटलं, कारण मालिकांवर आण्णांचा फार राग. मालिका लागली की ते अंगणात जाऊन बसायचे. आता मात्र ते टीव्हीच्या अगदी पुढ्यात, पाटावर बसले होते. उजव्या हातात रिमोट. डाव्या हातात आपला बटणांचा साधा मोबाईल, स्पीकरवर, होम थिएटरच्या जाळीला टेकवून धरलेला. पडद्यावर बोलणं थांबलं की आण्णा फोनमध्ये वाकून सांगत होते.

"आते ती दारजोडे उभी शे. हातमा चिठ्ठी शे. रडी ऱ्हायनी."

फोनमधून जिजींचा आवाज आला. साडी कोणती नेसली आहे, असं त्या विचारत होत्या.

आण्णांनी मान पुढे करून नीट पाहिलं. "निळी. ज्योतीना लगीनमा तू नेसेल व्हती, तशी."

माझ्या लक्षात आलं. सुरतेत एकाच खोलीत बाळंतीण आणि बाळ, तिथे टीव्ही लावता येत नसणार. जिजींची मालिका चुकू नये म्हणून हा माणूस रोज साडेसातला इथे बसून ती त्यांना ऐकवत होता, आणि जे ऐकू येत नाही ते सांगत होता. मी दारातच थांबलो.

जाहिराती लागल्या. आण्णांनी आवाज बंद करायचं एकच बटण हलकेच दाबलं आणि घर शांत झालं. पंखाही मंद झाला. त्यांनी फोन कानाला लावला नाही, दोन्ही हातांत धरला. जेवलीस का, असं विचारलं. मग बाळाने आज दूध किती घेतलं, बाळ कुणासारखं दिसायला लागलंय. आपण आज काय खाल्लं ते सांगितलं, तुळशीला पाणी घातल्याचं सांगितलं, मांजरीने मागच्या फळीवर पिल्लं दिल्याचं सांगितलं. जिजी हसल्याचं मला ऐकू आलं. आण्णाही हसले. इतकं बोलताना मी त्यांना कधी ऐकलं नव्हतं. जिजी घरी असताना तर मुळीच नाही.

पडद्यावर जाहिराती संपल्या. निळ्या साडीतली ती बाई परत आली, चिठ्ठी उघडून वाचायला लागली, तिच्या मागे सासू येऊन उभी राहिली, दोघींचे ओठ भराभर हलत होते. आण्णांनी ते पाहिलं. अंगठा बटणावर होता.

"जाहिरात सरनी का?" जिजींनी विचारलं.

"नही," आण्णा म्हणाले, "आज भलती लांब शे. तू सांग, रातले बाळ झोपस का?"

मी डबा उंबऱ्याच्या आत ठेवला आणि दार होतं तसं लोटून घेतलं.