खानविलकरांचा पाण्याचा टँकर

खानविलकर दर गुरुवारी संध्याकाळी कंपनीच्या बसने लांबच्या रुवैसच्या रिफायनरीतून शारजाला यायचे. अल नहदातल्या आमच्या बिल्डिंगच्या लिफ्टमध्ये पाऊल ठेवलं, की आत कोण आहे हे न बघताच विचारायचे, "काय, पाणी पोचलं का?"

मी बिल्डिंगमध्ये नवा होतो. मला वाटलं, टाकीबद्दल विचारतायत. शेजारधर्म म्हणून मी थेट गच्चीवर गेलो, टाकीचं झाकण उघडलं, शर्ट काळा करून घेतला आणि त्यांच्या दारात जाऊन म्हणालो, "फुल आहे."

"तुमची नव्हे हो," खानविलकर म्हणाले, "तिसऱ्या ग्रहाची."

हा तिसरा ग्रह एका जपानी कार्टून मालिकेतला. दर मंगळवारी संध्याकाळी पाचला ती टीव्हीवर अरबीत लागायची. एक खटारा यान, आत सात माणसं आणि पोटात पाणी. कोरड्या पडलेल्या ग्रहांवर ते पोचवत हिंडायचं. थोडक्यात, पाण्याचा टँकर. फक्त ड्रायव्हर शिव्या देत नसे. तिकडच्या पोरांसाठी लिहिलेल्या चटपटीत कादंबऱ्यांवरून ती मालिका केलेली होती. त्या कादंबऱ्या रुवैसच्या रिफायनरीतल्या मोरी नावाच्या जपानी इंजिनियरकडे होत्या. चहाच्या सुट्टीत तो पुढची गोष्ट हातवारे करून सांगायचा आणि खानविलकर तिच्यात दुरुस्त्या सुचवायचे.

खानविलकरांचं वय तेव्हा सत्तेचाळीस. हुद्दा इन्स्ट्रुमेंट सुपरवायझर. आख्खा ग्रह फुटून त्याचे तुकडे झाले तरी त्यांची हरकत नसायची. "टेक्निकली पॉसिबल आहे," म्हणायचे. पण यानाच्या टाकीला एकच सेफ्टी व्हॉल्व्ह दिसला, की सोफ्यावरून उठायचे. "एक? एवढ्या प्रेशरला एक? खलास! मरणार सगळे!"

एका वर्षी घरच्या गणपतीला त्यांनी थर्माकोलचं ते यान केलं. बाप्पा कंट्रोल पॅनेलसमोर.

"भावजी, उंदीर कुठाय?" माझ्या बायकोने विचारलं.

"इंजिनरूममध्ये. ड्यूटीवर आहे."

खानविलकर रुवैसच्या कॅम्पमधल्या टीव्हीवर मालिका बघायचे आणि त्यांची चौदा वर्षांची मुग्धा इथे घरी. मग फोनवर चर्चा. शुक्रवारी पुन्हा समोरासमोर चर्चा. वहिनी म्हणायच्या, "आमच्या घरात दोन मुलं आहेत. मोठा रुवैसला असतो."

अशात मालिकेचा शेवटचा भाग आला आणि नेमकं रिफायनरीचं शटडाऊन लागलं. म्हणजे सगळं बंद ठेवून दुरुस्ती, आणि सुपरवायझरला मान वर करायला फुरसत नाही. शिवाय त्यांचा व्हीसीआर बिघडलेला. त्यांचा मला फोन आला.

"साने, मंगळवारी पाच वाजता. रेकॉर्ड करा. मुग्धाला म्हटलंय, तूही बघू नकोस. शुक्रवारी दोघं एकदम बघू. जमेल ना?"

"खानविलकर, बटण तर दाबायचं आहे!"

रमजान नुकताच सुरू झाला होता. रमजानमध्ये ऑफिस दोनला सुटतं हे मला चांगलं ठाऊक होतं. त्या बाबतीत माझ्याइतकं दक्ष शारजात कोणी नसेल. मी घरी आलो, जेवलो, झोपलो, पावणेपाचला उठलो आणि ठीक पाचला कोरी कॅसेट घालून बटण दाबलं. मग चहा करायला गेलो. फक्त टीव्हीच्याही वेळा रमजानमध्ये बदलतात, हे माझ्या डोक्यात आलं नाही. त्या आठवड्यापासून मालिका चारला लागत होती. रात्री कॅसेट लावून बघितली, तर एक बाई अर्धा तास खजुराच्या पाकात गोळे बुडवतेय.

बायकोने रेसिपी लिहून घेतली. मला तेवढंही सुचलं नाही.

गुरुवारी दुपारी मी वहिनींना सांगायला गेलो. त्या आधी ओरडतील, मग खानविलकरांसाठी राग कमी शिल्लक राहील, असा हिशेब. दार मुग्धाने उघडलं. आई बाजारात गेली होती. मी तिथेच, चपला न काढता, सगळं ओकलो.

ती हसायलाच लागली. "अंकल, रिलॅक्स. मी ती सिरियल बघतच नाही. लास्ट इयरपासून."

"अगं, मग दर आठवड्याला चर्चा कसली करता?"

"स्कूल बसमध्ये एक छोटा मुलगा आहे, तो मला स्टोरी सांगतो." तिने दाराची कडी उगाच वरखाली केली. "बाबा फोनवर विचारतात, जेवलीस? मी म्हणते, येस. अभ्यास? डन. देन नथिंग. दोघं नुसते गप्प. स्पेसशिपचं काढलं की ट्वेंटी मिनिट्स बोलतात." मग हसू गेलं. "आता तर संपलीच ना ती. अंकल, प्लीज डोन्ट टेल बाबा."

रात्री खानविलकर आले. लिफ्टमध्ये मीच त्यांना गाठलं आणि सांगून टाकलं. वाटलं, आता सेफ्टी व्हॉल्व्ह उडणार. ते नुसते आकडे बदलताना बघत राहिले. आमचा मजला आला, दार उघडलं, तरी बाहेर पडेनात.

"बरं झालं," ते म्हणाले.

"काय बरं झालं?"

"शेवट बघितला असता तर संपलं असतं. मी तिला सांगतो, टीव्हीवाल्यांनी मध्येच बंद केली. पुस्तकात गोष्ट पुढे आहे. मोरी सांगतो, मी तुला सांगतो."

"वा! मग मोरीकडे किती पुस्तकं आहेत अजून?"

खानविलकरांनी बॅग या हातातून त्या हातात घेतली. "मोरी जूनमध्येच गेला हो जपानला. पुस्तकं घेऊन. जूनपासून मीच रेटतोय. टीव्हीवर जे येतं त्याच्या पुढचं, आपलं काहीतरी. तिला बोलू नका."

माझ्या पोटात तीळ भिजत नाही, ही माझी ख्याती आहे. त्या रात्री एकाच कुटुंबाची दोन गुपितं घेऊन मी घरी आलो आणि बायकोने तीनदा विचारूनही जेवणात मीठ कमी आहे एवढंच बोललो.

महिन्याभराने, ईद झाल्यावर, बिघडलेला व्हीसीआर बघायला मी संध्याकाळी त्यांच्याकडे गेलो. अपराधाची भरपाई म्हणून. मुग्धा फोनवर होती. पाय सोफ्यावर, रिसीव्हर खांद्यात दाबलेला, मांडीवर गणिताची वही. वहीत यानाचं चित्र, त्यात पाइप आणि बाण.

"थांबा बाबा, थांबा," ती म्हणत होती. "पंप बंद पडला आणि वरून व्हॉल्व्हही अडकला, तर ते पाणी खाली सोडणार कसं? नाही, उद्या नाही. आत्ता सांगा."

या मुलीच्या तोंडून एवढं सलग मराठी मी कधी ऐकलं नव्हतं. मी विचारलं, "कोणाचा पंप गं?"

तिने रिसीव्हरवर हात ठेवला. "अंकल, नंतर या ना," ती म्हणाली आणि पेन्सिल उचलली.