बिननात्याचा गार्ड

चंद्रभानला बास्केटबॉलच्या संघात फॉरवर्ड म्हणून घ्यावं की नाही, हे ठरवायचं काम प्रिन्सिपॉलसाहेबांनी वासुदेवरावांवर सोपवलं. वासुदेवराव जन्मात बास्केटबॉल खेळले नव्हते. पण खेळाच्या नियमांचं इंग्रजी पुस्तक कॉलेजात फक्त त्यांनीच वाचलं होतं आणि फिजिक्सच्या प्रयोगशाळेतलं स्टॉपवॉचही त्यांच्याच ताब्यात असे. एवढ्या भांडवलावर ते तज्ज्ञ ठरले.

ते मूळचे सांगलीचे. बी.एस्सी. होऊन डेमॉन्स्ट्रेटर म्हणून वर्ध्याला आले तेव्हा मिसरूड नुकतंच नीट फुटलं होतं, पण नोकरीबरोबर ‘राव’ आपोआप चिकटलं. स्टेशनमागे एक खोली घेऊन ते राहत आणि खानावळीत भिंतीकडे तोंड करून जेवत. शनिवारी प्रयोगशाळेला कुलूप लावताना ते शिपायाला “येतो” म्हणत. त्यानंतर सोमवारी त्याच शिपायाला “काय, बरं आहे ना?” म्हणेपर्यंत तोंड उघडायचं काही कारण पडत नसे. एका रविवारी आपला आवाज शाबूत आहे का, हे तपासायला त्यांनी मूलद्रव्यांची नावं ओळीनं मोठ्यानं म्हटली. सोडियमपर्यंत पोचले तेव्हा पलीकडच्या बिऱ्हाडातून बाईंचा आवाज आला, “कोन मेलं बाप्पा? मंत्र काऊन म्हनून राह्यले?”

चंद्रभान आर्वी तालुक्यातल्या रोहण्याचा, इंटर सायन्सला होता. इतका उंच, की वाकायची सवयच लागलेली. चौकट नसली तरी उगीच मान खाली घालून चालायचा. पुलगावला मामाकडे राहून तो रेल्वेनं ये-जा करी. संघात निवड झाली तर त्याला हॉस्टेलात फुकट जागा मिळणार होती. नाही झाली, तर वर्ग सुटल्याबरोबर गाडी पकडून पुलगाव. म्हणजे वर्ध्यातल्या संध्याकाळी पुन्हा वासुदेवरावांच्या एकट्याच्या. ज्या परीक्षेचा निकाल एका संध्याकाळीत लागला असता, ती त्यांनी लांबवत नेली याचं कारण हेच होतं.

परीक्षा मात्र त्यांनी शास्त्रशुद्ध घेतली. उडी मोजायला भिंतीवर खडूच्या रेघा ओढल्या. चेंडू कोणत्या कोनातून फेकला तर कडीत जास्त वेळा जातो, ते पाहिलं. शेवटी प्रश्न उरला तो हुलकावणीचा. गार्ड समोर आडवा असताना हा पोरगा काय करतो? गार्ड म्हणून उभं राहायला दुसरं कोणी नव्हतं, तेव्हा वासुदेवराव स्वतःच धोतराचा काचा मारून उभे राहिले.

चंद्रभान उजवीकडे झुकला. वासुदेवरावांनी उजवीकडे झेप घेऊन हवेला मिठी मारली. चंद्रभान डावीकडून गेला, बास्केट झाली आणि जाता जाता त्याचं कोपर त्यांच्या बरगडीत बसलं.

“लागलं का सर?”

“नाही, नाही. पुन्हा.”

पुन्हा तेच. कधी डावीकडून, कधी काखेखालून, एकदा तर चेंडू त्यांच्या दोन पायांमधून. मग दोघं मैदानाच्या कडेला बसून भाजलेल्या शेंगा खात. चंद्रभान रोहण्यातल्या गोष्टी सांगे : कोणाचा बैल कोणाच्या वावरात शिरला, कोणाच्या लग्नात वरमाय काऊन रुसली. वासुदेवराव ऐकत. खोलीवर परतल्यावर बरगडी ठणकत राही. त्या ठणक्याबद्दल त्यांची काही तक्रार नव्हती.

“असा फॉरवर्ड नागपूरलाही नसेल,” त्यांनी प्रिन्सिपॉलसाहेबांना सांगितलं.

“कशावरून?”

“मी स्वतः अडवून पाहिलं.”

प्रिन्सिपॉलसाहेबांनी त्यांच्याकडे पायांपासून टोपीपर्यंत एकदा पाहून घेतलं आणि म्हणाले, “एक सामना लावू.”

सामना स्टेशनवरच्या तरुणांच्या क्लबाशी ठरला. कडेला टेबल मांडलं, सरबत आलं, प्रतिष्ठित मंडळी खुर्च्यांवर बसली. चेंडू चंद्रभानकडे आला. तो सुसाट निघाला आणि रिंगखाली स्टेशनच्या संघाचा गार्ड समोर येताच जागच्या जागी थांबला. गार्डाचं नाव तानबा. बुटका, स्थूल, धापा टाकणारा गृहस्थ. चंद्रभाननं मान लववली आणि चेंडू त्याच्या हातात ठेवला.

पुन्हा चेंडू आला. पुन्हा तेच. तिसऱ्यांदा तर तानबा हात पुढे करूनच उभा होता.

वासुदेवरावांनी खेळ थांबवला. “अरे, चेंडू का देतोस त्याला?”

“सर, ते जवाई हायेत.”

“तुझ्या बहिणीचे यजमान?”

“नाई जी. आमच्या गावचे. रोहण्याच्या सुताराची पोरगी देल्ली त्याईले.”

“मग तुझा काय संबंध?”

चंद्रभाननं त्यांच्याकडे कीव आल्यासारखं पाहिलं. “सर, एका घरचा जवाई तो साऱ्या गावचा जवाई. जवायाले हूल कशी देऊ? फसवलं म्हनतीन. उद्या त्यायनं सुताराच्या पोरीले टोमना मारला तर?”

“बरोबर हाय त्याचं,” तानबा चेंडू काखेत धरून म्हणाला. “पोरगा वळनाचा हाय.”

वासुदेवरावांनी डोकं शांत ठेवलं. अडचण एका गार्डाची असेल तर बाजू बदलावी. त्यांनी चंद्रभानला दुसऱ्या अंगाला उभं केलं. तिथला गार्ड नत्थूजी चंद्रभानच्या मामीचा भाऊ निघाला. तिथंही चेंडू अदबीनं हवाली झाला.

“असं कोणतं नातं आहे का,” वासुदेवरावांनी विचारलं, “की ज्याला हूल दिलेली चालते?”

चंद्रभाननं विचार केला. “मेव्हना, म्हंजे बायकोचा भाऊ. मेव्हन्याची मस्करी चालते.”

उत्तर स्पष्ट होतं, म्हणून उपायही स्पष्ट वाटला. वासुदेवराव थेट स्टेशनच्या मंडळींत गेले आणि खणखणीत आवाजात विचारलं, “तुमच्यापैकी या मुलाचा मेव्हणा व्हायला कोण तयार आहे?”

मग नत्थूजी पुढे आला. “पोरगी कोनाची पाह्यली, मास्तर?”

“मुलगी नकोय. मला फक्त मेव्हणा हवाय.”

“पोरीबिगर मेव्हना कुठून येईन बाप्पा?”

“पोट्टा सायन्सले हाय म्हन्ते,” मागून कोणी म्हणालं. “हुंड्याचं काय?”

शिट्टी वाजेपर्यंत ही बातमी सरबताच्या टेबलापर्यंत पोचली होती आणि एका वकीलसाहेबांनी प्रिन्सिपॉलसाहेबांना मुहूर्तही विचारला. सामना कॉलेज हरलं. चंद्रभाननं एकही बास्केट केली नाही.

मैदान रिकामं झाल्यावर वासुदेवराव त्याच्याजवळ गेले. “एक सांग. माझ्यापुढे तर तू कसा धावून येत होतास. कोपर काय, हूल काय. मी तुझा शिक्षक ना?”

“तुमचं काय सर,” चंद्रभान शेंग फोडत सरळ मनानं म्हणाला. “तुमी तर कोनाचेच नाई.”

तो गाडीसाठी निघून गेला. वासुदेवराव तिथंच थोडा वेळ बसले. प्रयोगातली चूक आता उघड होती. मोजमाप बरोबर, कोन बरोबर, घड्याळही बरोबर. फक्त ज्या माणसावर प्रयोग केला, तसा माणूस अख्ख्या जिल्ह्यात दुसरा नव्हता.

पण हार मानली तर त्या शेंगांच्या संध्याकाळी कायमच्या जाणार. दुसऱ्या दिवशी ते पुन्हा प्रिन्सिपॉलसाहेबांपुढे उभे राहिले. “मुलात दोष नाही साहेब. दोष अंतरात आहे. नातेवाईक संपतात तिथून पुढे हा उत्तम फॉरवर्ड आहे.”

“आणि नातेवाईक कुठं संपतात?”

“तेच एकदा तपासू द्या.”

योग असा, की मद्रासकडच्या एका कॉलेजचा संघ दिल्लीला जाताना सेवाग्राम पाहायला वर्ध्याला उतरणार होता. त्यांची भाषा वेगळी, मुलूख वेगळा. रोहण्याची एकही पोरगी तिकडे दिलेली नसल्याची खात्री वासुदेवरावांनी दोनदा करून घेतली. “ही शेवटची संधी,” प्रिन्सिपॉलसाहेब म्हणाले. “यातही नाही जमलं तर पोराला वर्गापुरता राहू द्या.”

सामन्याच्या सकाळपासून वासुदेवरावांनी चंद्रभानला प्रयोगशाळेत बसवून ठेवलं. “त्यांच्यातल्या कोणाशीही बोलायचं नाही. गाव विचारायचं नाही.”

“एकटाच बसू?”

“सवय होते,” वासुदेवराव म्हणाले.

आणि खरोखर, पहिल्या अर्ध्या वेळात चंद्रभान जो खेळला, तो पाहून सरबताच्या टेबलाभोवतीच्या मंडळींचे पेले हातातच राहिले. हूल, झेप, बास्केट. मद्रासचा काळासावळा उंच गार्ड हवेला मिठ्या मारत होता. ती मिठी वासुदेवरावांच्या ओळखीची होती. प्रिन्सिपॉलसाहेबांनी वळून मान डोलावली. हॉस्टेलची जागा जवळजवळ पक्की झाली.

मध्यंतराची शिट्टी झाली आणि मैदानात एक बाई शिरल्या. हिरवं नऊवारी, डोक्यावर पदर, काखेत पितळी डबा. चंद्रभानच्या आई, अनुसयाबाई. मेव्हण्याची बातमी रोहण्याला पोचली होती. वर्ध्याच्या मास्तरानं पोराचं लग्न जुळवलं आणि आईला पत्ता नाही, म्हणून त्या पहिली गाडी धरून निघाल्या होत्या. संक्रांत नुकतीच झालेली. रिकाम्या हातानं पोरीच्या माणसांपुढे कसं जायचं, म्हणून डबाभर तिळगूळ करून आणला होता.

“मास्तर तुमीच न?” त्यांनी वासुदेवरावांना विचारलं आणि घाम पुसत बसलेल्या मद्रासच्या संघाकडे बोट दाखवलं. “अन् हे पोरीवाले?”

“नाही हो! मुलगीच नाही. ती सगळी माझी चूक...”

“पोरगी नाई?” अनुसयाबाई डब्याकडे पाहत राहिल्या. “मंग येवढा तिळगूळ मी काऊन केला?” मग त्यांची नजर पुन्हा त्या पोरांवर गेली. “असू द्या. कोन्या मायची लेकरं हायेत. भुकेली दिसून राह्यली.”

वासुदेवराव “थांबा” म्हणेपर्यंत त्या रांगेत पोचल्या होत्या. मद्रासच्या मुलांना शब्द एक कळला नाही, पण लाडू कळले. उंच गार्डानं दोन घेतले. “खा बाबू, गोड बोला,” अनुसयाबाई त्याच्या गालावरून हात फिरवत म्हणाल्या. चंद्रभान शेजारी डबा धरून उभा होता.

शेवटी त्या वासुदेवरावांपाशी आल्या. “तुमी काऊन मागं राह्यले? घ्या न भाऊजी.”

यंदा संक्रांतीला वर्ध्यात त्यांना कोणी तिळगूळ दिला नव्हता. त्यांनी हात पुढे केला. लाडू मोठा होता, तो सगळाच तोंडात घातला, त्यामुळे खेळ पुन्हा सुरू झाला तेव्हा त्यांना काही ओरडता आलं नाही.

ओरडून उपयोगही नव्हता. चंद्रभाननं चेंडू घेतला, सुसाट गेला, उंच गार्डापुढे थांबला आणि चेंडू दोन्ही हातांनी त्याला दिला. वर आपल्या संघाच्या रिंगकडे बोट दाखवून त्याला वाटही मोकळी करून दिली.

“चंद्रभान!” वासुदेवरावांचा लाडू एकदाचा गिळून झाला.

“सर, आत्ताच माह्या आईनं तिळगूळ देल्ला त्याईले! आता ते पाहुने झाले. पाहुन्याले कसं फसवू?”

मद्रासच्या संघानं मोठा विजय मिळवला, अनुसयाबाईंना वाकून नमस्कार केला आणि तो रात्रीच्या गाडीनं दिल्लीला निघून गेला. जाताना उंच गार्डानं चंद्रभानला पत्ता लिहून दिला.

प्रिन्सिपॉलसाहेबांनी उरलेलं सरबत संपवलं. मग म्हणाले, “वासुदेवराव, फॉरवर्डचा विषय संपला.” वासुदेवरावांनी मान खाली घातली. “पण हा पोरगा सोडू नका. आपल्याकडे येणारा प्रत्येक पाहुणा उपाशी जातो अशी तक्रार आहे. हॉस्टेलची मेस आणि येणाऱ्या संघांची सरबराई याच्याकडे द्या. राहायची जागा फुकट.”

म्हणजे चंद्रभान वर्ध्यातच राहणार होता. त्या रात्री खोलीवर परतताना वासुदेवराव चक्क गुणगुणले.

चंद्रभान आपली ट्रंक घेऊन हॉस्टेलात आला, त्या संध्याकाळी ते लवकरच मैदानावर जाऊन काचा मारून उभे राहिले. सामने नसेनात का, खेळायला कोणाची बंदी होती? चंद्रभान आला. नवा सदरा, भांग पाडलेला. तो चार हात अंतरावर थांबला.

“ये,” वासुदेवराव हात पसरून म्हणाले. “चल, दे हूल.”

चंद्रभाननं चेंडू उचलला, तो सदऱ्याला पुसला आणि दोन्ही हातांनी त्यांच्यापुढे धरला. “घ्या, काकाजी.”

“काकाजी?”

“आईनं भाऊजी म्हटलं न तुमाले. मंग माहे काकाजीच झाले.”

“अरे, तसं म्हणायची पद्धत असते. तू ये. एकदा तरी मार कोपर.”

“काकाजीले?” चंद्रभाननं जीभ चावली. “मी उभा राह्यतो. तुमी टाका.”

“मग शेंगा तरी? बस इथं. रोहण्याचं काय नवीन?”

“सारं ठीक हाय जी,” चंद्रभान म्हणाला. तो बसला नाही. काकाजींपुढे कोणी बसतं का?

वासुदेवराव चेंडू घेऊन वळले. रिंगपर्यंत सगळी वाट मोकळी होती. त्यांनी कोन मनाशी धरला आणि चेंडू फेकला. तो कडीला न लागता जाळीतून सरळ खाली आला. त्यांच्या आयुष्यातली ती पहिली बास्केट. पण समोर अडवणारा कोणी नसताना झालेली बास्केट पुरावा म्हणून धरता येत नाही, हे त्यांना कळत होतं.

“झकास, काकाजी,” चंद्रभान म्हणाला. धावत जाऊन त्यानं चेंडू आणला, अदबीनं त्यांच्या हातात दिला आणि पुन्हा चार पावलं मागं सरून उभा राहिला.