दारातला धोका

एक गोष्ट आधीच सांगून ठेवते. मी दारात बसलेली असताना परका माणूस आत शिरला, असं आजवर झालेलं नाही! पुण्यात होते तेव्हा साबणाची पावडर विकणारे आमच्या जिन्यावरूनच माघारी फिरायचे. इथे सिंगापुरात मुलाकडे आले, तर बुकित तिमाहच्या आमच्या कॉन्डोतला वॉचमन मला बघून खुर्चीतून उठतो. "तो तुम्हाला घाबरतो," असं माझी सून विभा म्हणते. घाबरू दे की! पगार तो घेतो, पहारा मी देते.

तर आमच्या मराठी मंडळाची क्लेमेंटीला एक खोली आहे. जुन्या इमारतीत, दुकानांच्या वर. दर रविवारी तिथे पोरांची मराठी शाळा भरते. पोरं आत असेपर्यंत 'कमळ', 'गणपती' म्हणतात आणि उंबरठा ओलांडला की इथलं इंग्रजी, 'कॅन लाह', 'कॅनॉट लाह' सुरू! पण निदान तेवढा वेळ तरी म्हणतात. ती खोली गेली तर तेही गेलं. आणि गेल्या वर्षी मालकाने फर्मानच काढलं: दिवस वाईट आहेत, चार माणसं जमतात तिथे कॅमेरा हवा, धड कुलूप हवं. बसवा, नाहीतर खोली रिकामी करा!

मंडळाच्या तिजोरीत काय होतं? वारा! बाकीचं सगळं गणपतीत मोदकांबरोबर गिळून झालं होतं.

माझा मुलगा निमिष मंडळाचा अध्यक्ष. दिवसभर आंग मो किओला बसून कुठल्याशा बँकेचे कॉम्प्युटर चोरांपासून राखतो, आणि मंडळाच्या दाराची कडी वर्षभर लोंबत होती ती काही त्याला दिसली नाही. त्याने शोधून काढलं, की अशा सेवाभावी संस्थांना सुरक्षेसाठी सरकार मदत करतं. अर्ज करायचा, सरकारी माणूस येऊन जागा बघणार, धोका आहे असं त्याला पटलं की कॅमेरा, कुलूप, सगळं सरकारकडून!

"धोका? इथे?" मी म्हटलं. "अरे, या गावात लोक हॉकर सेंटरच्या खाऊगल्लीत टेबल अडवायला मोबाइल ठेवून जेवण आणायला जातात!"

"म्हणूनच आई, धोका नीट दाखवावा लागतो."

झालं! मंडळाची कमिटी आमच्या घरी जमली आणि माझे साबुदाणावडे हाणत अर्ज भरू लागली. एकेक इंजिनियर, पण लिहीत काय होते? दाराची कडी मोडकी. आत कोणीही येऊ शकतं. दारात लक्ष ठेवायला कोणी नाही.

माझा झारा हवेतच थांबला. "कोणी नाही? मग मी कोण?"

"काकू," प्रबोध म्हणाला. तो मंडळाचा खजिनदार, म्हणजे रिकाम्या तिजोरीचा. "तुम्हाला कागदावर धरता येत नाही हो."

"वडे खाताना बरं धरता!"

मुलगी दाखवायची तर माणसं खोट झाकतात. हे शहाणे आपल्या घराची खोट रंगवून सरकारला दाखवायला निघाले होते! मी तेव्हाच ठरवलं. सरकारी माणूस येऊ दे, मंडळाची अब्रू मी राखते.

तो यायचा नेमका त्या रविवारी, ज्या दिवशी खोलीवर चैत्राचं हळदीकुंकू होतं. निमिष म्हणाला, "आई, हळदीकुंकू पुढे ढकल."

"गौरीला काय सांगू? सरकारी माणूस येतोय, तू पुढच्या रविवारी झोपाळ्यावर बस?"

"बरं, निदान दारात तरी बसू नकोस!"

मी मान हलवली. मान हलवायला काय जातं?

रविवारी निमिष पाहुण्याला आणायला एमआरटी स्टेशनवर गेला. मी खलबत्त्यातला बत्ता घेऊन ती लोंबती कडी ठोकून घट्ट बसवली आणि दारात खुर्ची टाकली. आत विभा आणि बाकीच्या बायका गाणी म्हणत पन्हं ढवळत होत्या. एवढ्यात मागच्या जिन्याने एक माणूस वर आला. इन केलेला शर्ट, पोट उकडीच्या मोदकासारखं, गळ्यात कार्ड.

"हू यू?" मी पाय आडवा घातला.

"सिक्युरिटी चेक, आंटी." त्याने कार्ड दाखवलं.

"कार्ड माझ्या नातवाच्या गळ्यात पण असतं. तो काय मंत्री झाला? नो गो!"

"मिस्टर निमिष कॉल मी."

"निमिष माय सन. ही नॉट हियर. यू आल्सो नॉट हियर!"

त्याने उजवीकडून प्रयत्न केला, मी खुर्ची उजवीकडे सरकवली. डावीकडून केला, मी डावीकडे! शेवटी बिचारा हसत हसत खाली कॉफीशॉपकडे उतरला. धापा टाकत निमिष आला तेव्हा मी विजयी मुद्रेने सगळं सांगितलं. त्याचा चेहरा पन्ह्यातल्या कैरीच्या सालासारखा पडला.

"आई, तो म्हणेल इतका कडक पहारा आहे, यांना मदत कशाला? खोली गेली! शाळा गेली! आता पोरांना मराठी कुठे शिकवू, बसस्टॉपवर?"

आणि तो त्या माणसाची मनधरणी करायला खालच्या कॉफीशॉपकडे धावला.

मला जरा चुटपुट लागली, नाही असं नाही. पण तेवढ्यात जिन्यावर एक बाई आली. चिनी, माझ्या धाकट्या बहिणीच्या वयाची, हातात पिशवी, तोंडावर गोड हसू. आतली गाणी ऐकून दारातून डोकावली. "सो नाइस, आंटी! कॅन सी?"

आता तुम्हीच सांगा. चैत्राच्या हळदीकुंकवाला दारात आलेल्या बाईला 'तू कोण' असं विचारायचं? कुठल्या घरात विचारतात?

मी तिला हात धरूनच आत नेलं! कुंकू लावलं, अत्तर लावलं, चांदीच्या गुलाबदाणीने गुलाबपाणी शिंपडलं. ही गुलाबदाणी मंडळ काढणाऱ्या पहिल्या बायकांनी दिलेली. वर्षभर कपाटात कुलपात असते, चावी माझ्या कमरेला. आंब्याची डाळ दिली, तर बाईने द्रोण चाटून पुसून संपवला. मी खूश! ओटीत भिजवलेले हरभरे घातले, कलिंगडाची फोड दिली. मग लक्षात आलं, द्रोण संपलेत. माझे गुडघे म्हणजे बारा वाजलेलं घड्याळ. चाव्यांचा सगळा जुडगाच तिच्या हातात दिला आणि कपाट दाखवलं. "यू ओपन. द्रोण. कप, कप!"

तिने द्रोण काढून दिले. गुणी बाई!

मग गुलाबदाणी उचलून म्हणाली, "सो प्रिटी! माय फ्रेंड डाउनस्टेअर्स. कॅन शो?"

"गो, गो! शो!" मी म्हटलं. वर रुमालात गुंडाळूनही दिली, डाग पडायला नको म्हणून.

बाई गेली. थोड्या वेळाने परत आली. बरोबर तो पोटवाला माणूस आणि पांढराफटक निमिष. बाईच्या एका हातात गुलाबदाणी, दुसऱ्या हातात चाव्यांचा जुडगा, कपाळावर माझंच कुंकू. आणि गळ्यात? तसलंच कार्ड! एवढा वेळ पिशवीत होतं.

"आंटी," ती हसत म्हणाली, "यू नेव्हर आस्क माय नेम!"

कळलं का? दोघं एकाच ऑफिसातली. एकजण कार्ड दाखवून बघतो, दुसरी गोड बोलून! निमिषने त्यांचं म्हणणं मला मराठीत सांगितलं. सांगताना त्याच्या तोंडावर जे सुख होतं, ते त्याच्या लग्नातही मी पाहिलं नव्हतं.

"आई, ते म्हणतायत, कार्ड दाखवणाऱ्याला इथे प्रवेश नाही आणि कार्ड लपवणारीला चाव्या मिळतात. इतकी धोक्याची जागा त्यांनी अजून पाहिली नाही!"

आतून विभा फस्सकन हसली. लक्षात ठेवलंय मी!

मदत मंजूर झाली. मंजुरीच्या कागदावर धोक्याचं कारण लिहिलं होतं, ते प्रबोधने कमिटीत मोठ्याने वाचलं: दारात बसणाऱ्या ज्येष्ठ महिला.

"बघा काकू," तो म्हणाला, "धरलं की नाही कागदावर?"

त्याला त्या दिवशी वडे दिले नाहीत.

खोली राहिली, शाळा राहिली, मालकाचं तोंड बंद झालं. हे सगळं कोणामुळे, हे सांगायला नको! नवीन कुलूप आलं, कॅमेरा आला. मला वाटलं, तो जिन्याकडे तोंड करून लावतील. तर तो थेट माझ्या खुर्चीकडे बघतो! निमिष ऑफिसात बसून फोनवर मला बघणार म्हणे.

बघू दे. पण नवी वस्तू दारात आली, तिला कोरी कशी ठेवायची? गुडघे दुखत असताना स्टुलावर चढले आणि बोटभर हळदीकुंकू लावलं. तेवढ्यात निमिषचा फोन!

"आई, कॅमेऱ्यात सगळं लालच दिसतंय गं!"

आता त्या मेल्याचं कपाळ कुठे आणि डोळा कुठे, हे मला कोणी सांगितलं होतं का?