चुकविलेली उचलाई आणि हत्तीवरची साखर

श्रीगणरायास वंदन, लिहिणारास, वाचणारास आणि ऐकणारास कल्याण. शके सोळाशें एक्कावन्न, सौम्यनाम संवत्सर, चैत्र मास. ते समयी एका राज्यात, ज्याचे नाव लिहिण्याची आम्हांस आज्ञा नाही, पेढीवाल्यांनी ऐशी रीत पाडिली की, पतदारास तांब्याची एक पट्टी द्यावी, त्याणे ती दुकानी दाखवून माल उचलावा आणि पैका मागाहून भरावा. न भरेल त्यावर व्याज चढावे. त्या राज्यात हैबतराव म्हणोन एका लहान गढीचे सरदार होते. त्यांणी थोरल्या पेढीच्या पट्टीवर शेले घेतले आणि पागोटी घेतली आणि अत्तर घेतले, आणि व्याज ऐसे चढले की पेढीने गढीचा नगारा गहाण लिहून घेतला. पुढील सालच्या दसऱ्यास कर्ज न फिटल्यास नगारा जावा, ऐसा करार जाहला. नगारा गेला म्हणजे सरदारी गेली, दरबारात बसावयास जागा नाही. त्यांच्या पत्नी आवडाबाईसाहेब यांणी वसुलाचा हिशेब पाहिला, तो मुद्दल कसेबसे फिटे, वर एक पैका उरेना.

मग नव्या पेढीचे वकील केसोपंत गढीवर आले आणि बोलिले, "आपले कर्ज आमचे पेढीवर हलवावे. त्या दसऱ्यापर्यंत व्याज नाही." हैबतराव संतोषले आणि शिक्का मागू लागले. तो बाईसाहेब पडद्याआडून बोलिल्या, "थांबावं. पंत, खाली बारीक अक्षरात काय लिहिलंय?"

पंत खाकरले. "ती उचलाई, बाईसाहेब. कर्ज तिकडून इकडे आणण्याची. शेकडा पाच."

"कर्जाला बैलगाडी लागते काय?"

"नाही, वहीतच लिहितो."

"मग लिहिणाराचा हात दुखतो?"

"रीत आहे, बाईसाहेब."

"आणि माफीची रीत?"

पंतांनी इकडे तिकडे पाहिले आणि हळूच बोलिले, "आहे. याच शुद्ध पक्षात कर्ज हलविल्यास उचलाई माफ. मात्र हप्ता चुकू नये आणि कर्ज फिटेतो आमच्या नव्या पट्टीवर काही विकत घेऊ नये. घेतल्यास उचलाई बसेल आणि मागले व्याजही बसेल."

"हे आधी का नाही सांगितलंत?"

"विचारील त्यासच सांगावे, ऐसा धन्यांचा हुकूम."

"आम्ही विचारलं. लिहा."

मग माफीचा कागद जाहला आणि कर्ज हलले आणि नगाऱ्याचे गहाणही त्याच मुदतीने हलले. आता त्या राज्यात चाल ऐशी की, फत्ते जाहली म्हणजे हत्तीवरून साखर वाटावी. हैबतराव बोलिले, "उचलाई चुकविली, ही फत्तेच!" आणि शेजारच्या जहागीरदाराचा हत्ती उसना आणविला आणि वाण्यास पोतेभर साखर सांगितली आणि वर बोलिले, "पैक्याची चिंता नको, नवी पट्टी आहे." वाणी पोते घेऊन दाराशी आला. केसोपंतही आले आणि प्रसन्न मुखाने बाजूस उभे राहिले.

हैबतरावांनी पट्टी मागविली. तो बाईसाहेब स्वतः पडदा सोडून बाहेर आल्या आणि बोलिल्या, "आधी तीर्थ घ्यावं."

सरदारांनी तीर्थ घेतले आणि पुसिले, "पट्टी कुठं आहे?"

"आत्ता तीर्थ दिलं ते तिनंच. काल कासाराकडून पळी करून घेतली."

वाणी पोते पाठीवर घेऊन परतला आणि पंत विडा न घेताच निघाले. हत्ती मात्र उभाच. माहुताने पुसिले, "सरकार, वरून काय वाटू?" बाईसाहेबांनी मुदपाकातून एक वाटी साखर आणविली. माहूत अंबारीत चढला आणि चिमूट चिमूट वाटू लागला, आणि उरली ती हत्तीने खाल्ली.

मग हप्ते वेळेवर गेले आणि पुढील सालच्या दसऱ्यास गहाण सुटले आणि हैबतरावांनी स्वहस्ते नगारा वाजविला.

एकूण वृत्त इतके: उचलाई माफ, व्याज नाही, नगारा गढीवर, पळी देवघरात. खर्ची पडली साखर, वाटी एक.