किंमत जाणकारांनाच पटेल

घराची किंमत आकड्यात असते असं मानणारी माणसं जन्मभर भाड्याने राहतात. सरकारने लायसन-परमिट सैल केलं, तशी उज्जैनच्या छोट्या जाहिरातींतही विशेषणांची आवक सुरू झाली. त्याआधी ‘मकान बेचना है’ एवढ्यावर भागत असे.

फ्रीगंजातल्या गोपाळकृष्णरावांनी घर विकायला काढलं, तेव्हा पहिली जाहिरात दिली: ‘साडेचार लाख, एक भाव.’ चौदा जण आले, चौदाही जणांना घर महाग वाटलं. मग छापलं, ‘बोलणी होतील.’ सव्वीस जण आले आणि भरपूर बोलले (त्यातले काही अजून येतात, चहा चांगला असतो). शेवटी रावांनी राम घाटावर बसून विचार केला आणि तिसरी दिली: ‘पाच लाख. किंमत जाणकारांनाच पटेल.’ पन्नास हजार वाढवले, कारण स्वस्तात जाणकारी उठून दिसत नाही. त्यानंतर एकानेही घर महाग म्हटलं नाही. (म्हणणार कोण, आणि कोणत्या तोंडाने?)

बँकेतले जयंतराव याच जाहिरातीवर आले. घरमालकाने दिवाळीपर्यंत खोल्या रिकाम्या करायला सांगितलं होतं, आणि गाठीशी होता तो आयुष्यभराचा फंड, एकदाच चुकता येईल एवढा. सोबत पत्नी मीनाताई होत्या. त्यांनी जाहिरात वाचली नव्हती, त्यामुळे त्यांना घर दिसत होतं.

“भिंत ओली आहे,” त्या म्हणाल्या.

“वहिनी, जानकार लोग याला थंडावा म्हणतात,” गोपाळकृष्णराव अदबीने म्हणाले. “उन्हाळ्यात कूलर लागत नाही.”

जयंतरावांनी भिंतीला तळवा लावला, तो ओला झाला. पण महाग म्हणावं, तर आपण जाणकार नाही हे परक्याच्या घरात कबूल करावं लागणार होतं. मीनाताईंनी हळूच बाही ओढली.

“अहो, नको.”

“तुला नाही कळायचं,” म्हणत त्यांनी बयाणा देऊन टाकला.

आता पाहुणे आले की जयंतराव पोहे देतात आणि भिंतीला हात लावून बघायला सांगतात. पाहुणे शिकलेले असल्यामुळे वाहवा करतात. मीनाताईंनी पलंग तेवढा भिंतीपासून दोन हात लांब ओढून घेतला आहे.

तुम्ही फसला नसता, हे मला ठाऊक आहे. ओल तुम्ही दारातूनच ओळखली असती. तुमच्यासारख्याच माणसाच्या मी शोधात होतो. माझंही एक घर विकायचं आहे.