हिराजीकाकांचा बॅटरीवरचा ट्रॅक्टर

हिराजीकाकांच्या घरात शिरायचं असेल तर आधी अंगणातल्या आंब्याखाली अनवाणी उभं राहावं लागे. चपला काढायच्या, पाय मातीत टेकवायचे आणि काका मोठ्याने दहा आकडे मोजत तोवर हलायचं नाही. "दिवसभर अंगात करंट भरतो. आधी अर्थिंग दे, मंग आत ये." पोस्टमन, दूधवाला, लग्नाची पत्रिका घेऊन आलेले पाहुणे, कोणालाही सूट नव्हती. काकांचं शेवटचं शेत ज्या बिल्डरने घेतलं, त्याचे मॅनेजर एकदा बूट-मोजे काढून, पँट वर धरून असे उभे राहिलेले मी पाहिलेत. सातव्या आकड्याला ते जरा हलले, तर काकांनी पुन्हा एकपासून मोजायला सुरुवात केली.

मी काकांच्या चाळीतल्या भाडेकरूंचा मुलगा. डोंबिवलीच्या एमआयडीसीमागचं हे जुनं आगरी गाव, आम्ही तिथे नंतर आलेलो. आमच्या घरातून कॉलेजात गेलेला मी पहिलाच, तोही कल्याणला, फिजिक्स घेऊन. फिजिक्स म्हणजे काय हे मला घरी नीट सांगता आलं नाही, म्हणून वडील सगळ्यांना "लायटीचं शिकतो" असं सांगत. ते काकांच्या कानावर गेलं आणि मला बोलावणं आलं.

"तू लायटीचं शिकतंस ना? मना ट्रॅक्टर बॅटरीवर करायचा हाय."

मी अजून पहिल्याच वर्षाला आहे, असं मी म्हणालो. पण बहुतेक फार हळू म्हणालो.

काका एका केमिकल कंपनीत वायरमन होते. पाळी संपवून यायचे आणि ट्रॅक्टर काढून शेतावर जायचे, अशी तीस वर्षं गेली. ट्रॅक्टर त्यांच्या वडिलांनी घेतलेला, गावातला पहिला. लाल रंग उडून त्याचा विटकरी झाला होता. आता काका निवृत्त होते, शेत विकलं गेलं होतं, दसरा झाला की बिल्डर कुंपण घालणार होता. मग ट्रॅक्टर चालवायचा कुठे, आणि तो बॅटरीवर तरी कशाला? गावात सगळे हेच विचारत. काका आपल्या आगरी बोलीत, 'ड'चा 'र' करत, एवढंच म्हणत, "दसऱ्याला गारी शेतावर गेली पायजे. कुंपन परलं की झालं." आणि पान्ह्यांच्या डब्यात डोकं घालत.

विठ्ठलवाडीच्या भंगारवाल्याकडून त्यांनी बॅटरीवर चालणाऱ्या एका मोडक्या फोर्कलिफ्टची मोटर आणली होती. डिझेल इंजिन काढायचं आणि तिथे ती बसवायची, असा सरळ बेत. पण ट्रॅक्टरचं इंजिन म्हणजे त्याची कंबर असते, पुढची चाकं तिलाच धरून असतात, हे आम्हाला इंजिन सुटल्यावर कळलं. ट्रॅक्टरचे दोन तुकडे झाले. पुढचा आंब्याखाली, मागचा गोठ्याजवळ. दोन महिने ते तसेच होते. बॉनेटमध्ये कोंबडी अंड्यांवर बसली, तर पिल्लं निघेपर्यंत काकांनी काम थांबवलं.

"अर्धा माहेरी न् अर्धा सासरी," खिडकीतून येसूकाकी म्हणाली.

काकी, म्हणजे काकांची बायको, सदानकदा त्या खिडकीत बसलेली असे. तिला दमा होता. धूर अजिबात चालणार नाही, असं डॉक्टरांनी बजावलेलं. रस्त्यावर टेम्पो आला की ती खिडकी लावून घेई, गेला की उघडून तुटलेलं बोलणं तिथूनच पुढे सुरू करी. काकी बोले आणि काका मान हलवत. ती काहीही बोलली तरी मान सारखीच हले. एकदा ती म्हणाली, "मी विहिरीत परले," तेव्हाही हलली.

लोखंडी चॅनेल वेल्ड करून, लेथवर मोटरसाठी जोडनळी बनवून, पितृपक्षाच्या आत दोन्ही तुकडे जुळले. मागे बॅटऱ्यांची पेटी बसली. टायर रबराचे, म्हणून अर्थिंगसाठी खाली जमिनीला लागणारी लोखंडी साखळी लोंबवली. मागच्या चाकावरच्या पत्र्यावर काकांनी एक गादी शिवून बसवली. मी विचारलं, तर म्हणाले, "मीटर ठेवायला." बॅटरीचा मीटर तर पुढे लावलेला होता.

पहिल्या चाचणीला काकांनी पहिला गियर टाकला आणि ट्रॅक्टर मागे जाऊन उकिरड्यात घुसला. मोटर उलटी फिरत होती. आयुष्यात पहिल्यांदा मला उत्तर येत होतं. मी ठामपणे म्हणालो, "बॅटरीच्या तारा उलट्या करा." काकांनी मुकाट्याने केल्या. ट्रॅक्टर पुन्हा मागेच गेला, त्याच उकिरड्यात, जरा जास्त जोरात.

"अवो, उकिरडा नांगरताव काय?" काकी खोकत खोकत हसत होती.

रात्री पुस्तक काढलं. या जातीच्या मोटरीत तशा तारा बदलल्या तर आतली दोन्ही चुंबकं एकदमच उलटतात आणि फिरणं तसंच राहतं. लिहिलेलं होतं. ते पान परीक्षेला नसतं म्हणून मी सोडलेलं. सकाळी तोंड पाडून जाऊन सोडलेल्या पानाचं सांगितलं, तर काकांनी आतल्या दोनच तारा बदलून मोटर सरळ केलेलीही होती.

"करंट खोटं बोलत नाय रे," ते म्हणाले. "मानूस पान सोडतो. धर पाना."

दसऱ्याला सकाळी ट्रॅक्टरला झेंडूचा हार घातला. काका घरात गेले आणि काकीला हाताला धरून घेऊन आले. नवं लुगडं, केसात अबोली. दहा पावलांना तिला धाप लागली. पूर्वी ती रोज चाकावरच्या याच पत्र्यावर बसून काकांबरोबर जायची, पण गेल्या तीन वर्षांत शेतावर गेलेली नव्हती. चालवत नव्हतं, बांधावरच्या वाटेने रिक्षा येत नव्हती आणि ट्रॅक्टरचा धूर सोसत नव्हता. काकांनी तिला उचलून त्या गादीवर बसवलं. तेव्हा कुठे मला सगळं समजलं. निदान मला तसं वाटलं.

ट्रॅक्टर माणसाच्या चालीने निघाला. मी मीटर बघत बाजूने चालत होतो. धूर नाही, धडधड नाही. मागे साखळी वाजत होती, तेवढीच. काकी पत्र्याला घट्ट धरून, दोन्ही बाजूंचं भात बघत गप्प बसली होती. दिवसभर बोलणारी बाई, एक शब्द नाही.

बरंच पुढे आल्यावर काका तिच्याकडे न बघता म्हणाले, "बोल ना गो. आता ऐकू येतं."

"म्हंजे? तीस वरसं हितं बसून बोलले, ते?"

"इंजिनात काय ऐकू येनार? नुसती मान हलवली. मंग तीच सवय लागली."

काकी त्यांच्याकडे बघत राहिली. मला वाटलं आता भडकणार. तिने पदर सावरला.

"समदं परत सांगू?"

"पयल्यापासून सांग."

काकांनी ट्रॅक्टर आणखी हळू केला. मीटर बघायचं काम माझं होतं. मी चार पावलं मागे राहिलो, मग आणखी चार.